तीन डोळे आणि एक ग्रहण

आमच्या दोघांत मिळून डोळे तीन, हा हिशेब कुसुमचा. मी तिला बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवून तिनेच सांगून टाकलं, की लहानपणी देवी आल्या त्यात डावा डोळा गेला, उजवा ठणठणीत आहे. "तुमचे दोन्ही चालू आहेत ना? मग झाले तीन. संसाराला पुष्कळ." तिचे वडील खुर्चीतल्या खुर्चीत आकसले. मी हसलो आणि तिथेच आमचं लग्न ठरलं.

लोक काश्मीरला जातात, नेपाळला जातात आणि आल्यावर लिहितात. मी लिहायला बसलोय तो प्रवास डोंबिवलीहून ठाणे आणि ठाण्याहून शहाड एवढाच आहे. हसू नका. त्या ठाण्याला आज कुणालाही जाता येणार नाही. ऐंशी सालच्या फेब्रुवारीतल्या एका दुपारी ते गाव दोन-अडीच तासांपुरतं होतं, आणि तिथे आम्ही दोघं जाऊन आलो. जाताना मला जेवढी भीती वाटली तेवढी नंतर कधी वाटली नाही, असं लिहिणार होतो, पण येताना त्याहून जास्त वाटली.

डोंबिवली

मी जात्याच भित्रा माणूस. घराला कुलूप लावून जिना उतरलो की परत चढून कुलूप ओढून बघणारा. त्यात त्या महिन्यात पेपर उघडला की ग्रहण. बघू नका, डोळे जातील. घरात बसा. मुलांना बाहेर सोडू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये तर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आईने लोणच्याच्या बरणीवर ठेवायला दर्भ आणून ठेवला, पिण्याच्या पाण्यात टाकायला तुळशीची पानं खुडून ठेवली. वेध लागल्यावर तोंडात काही घालायचं नाही, ग्रहण सुटल्यावर आंघोळ केल्याशिवाय कुठे शिवायचं नाही, असं सगळ्यांना बजावून झालं. मला हे सगळं मनापासून पटत होतं. विज्ञान वाचून जी भीती वाटत होती तीच आईच्या दर्भामुळे वाटत होती, म्हणजे दोन्ही बाजूंनी माझी सोयच झाली होती.

आणि एका रात्री ताटं वाढता वाढता कुसुम म्हणाली, "मला ग्रहण बघायचंय."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तिने आमटी वाढली आणि परत तेच म्हणाली.

"अगं, दोन डोळेवाले बघत नाहीत," मी म्हणालो, "आणि तुला..."

"एकच आहे. माहितीये." तिने पळी खाली ठेवली. "लहानपणापासून तेच ऐकतेय. फटाके नको, तुला एकच आहे. चिंचा पाडायला नको, फांदी लागेल. विटीदांडू बघायलासुद्धा उभी राहू नको. अहो, जपून जपून याचं लोणचं घालू का मी? एकदा तरी काहीतरी मोठं बघू दे त्याला."

नाही म्हणालो असतो तर ती गप्प बसली असती. पण ते गप्प बसणं मला घरात आयुष्यभर दिसत राहिलं असतं. मी दोन अटी घातल्या. काच मी आणणार, ओळखीच्या आणि माहितगार माणसाकडून. आणि आधी मी बघणार, मला काही झालं नाही तर तू. ती म्हणाली, "आधी तुम्हीच बघा. पण सगळं खाऊन टाकू नका, मला थोडं ठेवा."

बिल्डिंगमधून बघणं शक्यच नव्हतं. गच्चीला कुलूप आणि दाराशी आई. म्हणून शहाडची मावशी पुढे केली. मावशीला बरं नाही, शनिवारी भेटून येतो, ग्रहणात तिच्याकडेच बसून राहू. मावशी खरंच शहाडला राहत होती आणि तिला बरं नसणं हे नेहमीचंच होतं. आईने निघताना कुसुमच्या पदराला तुळशीचं पान बांधलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला सांभाळ रे." मी मान डोलावली तेव्हा माझे तळवे घामाने ओले झाले होते.

वागळे इस्टेट

काच द्यायला सबनीस होता. माझा शाळेतला मित्र, वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये सुपरवायझर. वेल्डिंगच्या मुखवट्यात असते ती काच देतो म्हणाला होता. "अरे, आमची पोरं दिवसभर त्यातून जाळ बघतात. सूर्याचं काय घेऊन बसलास?" हे बोलणं मी आठवडाभर मनात घोळवून धीर धरला होता.

ठाण्याला गाडीतून उतरून आम्ही बसने वागळे इस्टेटला पोचलो तेव्हा बसमध्ये आम्ही, कंडक्टर आणि एक झोपलेला म्हातारा. एरवी त्या रस्त्यावर चालताना कानात बोटं घालावी लागायची. पत्रे कापल्याचा, हातोड्यांचा, ट्रकांचा आवाज. त्या दिवशी सगळी शटरं खाली. चहाच्या टपरीवर फळकुट लावलेलं. एका गेटाबाहेर टेंपो उभा, त्याचं एक दार उघडंच राहिलेलं, ड्रायव्हरचा पत्ता नाही. दार उघडं टाकून माणूस का पळाला असेल? मी ते जाता जाता लावलं. कुसुम मात्र जत्रेला आल्यासारखी इकडेतिकडे बघत होती.

सबनीसच्या शॉपचंही गेट बंद. आतून वॉचमनने डोकं बाहेर काढलं.

"सब लोग गया, साब. सबनीस साब भी गया. उनकी माताजी घर में अकेली है."

"माझ्यासाठी काही ठेवलंय का?"

त्याने स्टुलाखालून एक पुडी काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर माझं आडनाव. आत आयताकृती दोन हिरवट काचा, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या. मी त्या उलटसुलट करून बघितल्या. दोन माणसं येणार म्हणून सबनीसने आठवणीने दोन ठेवल्या, याचं मला फार कौतुक वाटलं. एक मी शर्टाच्या खिशात घातली, एक कुसुमला दिली. तिने ती रुमालात बांधून कमरेला खोचली.

"बाबूजी, बाहर मत घूमो," वॉचमन म्हणाला आणि त्याने कडी लावून घेतली. आतून आणखी काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बहुतेक स्टूल दाराला लावलं असावं.

रिकामं ठाणे

परत जायला बस मिळाली नाही. रिक्षा तर औषधालाही नव्हती. मग चालत निघालो. आम्हाला स्टेशनच्या पलीकडे, पूर्वेला खाडीकाठी जायचं होतं. तिथे मोकळं आहे आणि ओळखीचं कुणी भेटत नाही, असा माझा अंदाज.

त्या चालण्याबद्दल काय सांगू? मी याच शहरात जिल्हा कचेरीत कारकून होतो. रोज या रस्त्यांवर धक्के खात होतो. त्या दुपारी भर उन्हात रस्त्याच्या मधोमध आम्ही दोघं चालत होतो आणि आमच्या चपलांचा आवाज समोरच्या भिंतींवरून परत येत होता. खिडक्या बंद, त्यांना आतून चादरी लावलेल्या. घराघरांतून रेडिओ चालू होता आणि प्रत्येक घरात एकच आवाज, त्यामुळे आम्ही चालत असलो तरी बातमी सांगणारा माणूस आमच्याबरोबर चालतोय असं वाटत होतं. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्याकडे सिनेमा लागला होता. त्यातलं कुणीतरी खदखदून हसलं, आणि एवढ्या शांततेत ते हसणं इतकं भयंकर वाटलं की मी कुसुमचा हात धरला. भर रस्त्यात बायकोचा हात धरायची माझी ती पहिलीच वेळ.

"कुणी बघेल," ती म्हणाली.

"कोण बघणार?"

"तेही खरंच." आणि तिने हात सोडला नाही.

कोर्टाच्या बाजूला एक कुत्रा रस्त्यावर आडवा पडला होता. तो उठून आमच्याकडे आला, वास घेतला आणि आमच्या मागे मागे यायला लागला. मी "हाड्" केलं तरी जाईना. त्यालाही माणूस हवं असणार. स्टेशनच्या पुलावर मात्र तो थांबला आणि आम्ही पूर्वेला उतरलो.

एव्हाना उन्हात काहीतरी फरक पडायला लागला होता. ढग नव्हता, तरी ऊन पातळ झालं होतं. दुधात पाणी घालावं तसं. माझी सावली इतकी रेखीव पडली होती की तिच्या कानाजवळचे केस वेगवेगळे दिसत होते. मी वर बघायचं धाडस केलं नाही. मान खाली घालून चालत राहिलो आणि एका बाजूने मनात देवाचं नाव घेत राहिलो.

खाडी

खाडीकाठच्या कोळीवाड्यातही सगळी दारं बंद होती. अमावास्येची ओहोटी, पाणी पार आत गेलेलं, काठाला नुसता काळा चिखल आणि त्यात कलंडलेल्या दोन होड्या. एका घरापुढच्या अंगणात सुकट वाळत घातली होती. एक कोळीण ती घाईघाईने गोणपाटांनी झाकत होती. ग्रहणाची नजर लागली की सुकट बाटते म्हणे. साठीची बाई, पण वाकून इतक्या झपाट्याने गोणपाटं पसरत होती की बघत राहावं. आम्हाला बघितल्यावर ती तशीच उभी राहिली.

"कोन गो तुमी? घरान जा ना! गिरान लागलंय, हितं काय उभ्यात?"

"थोडा वेळ थांबतो, आजी," कुसुम म्हणाली. "बघायला आलोय."

"बघाला?" तिने कपाळावर हात मारून घेतला. "डोले जातील गो बाय! दादूस, घेऊन जा हिला!"

दादूस म्हणजे मी. माझ्या मनातलंच ती बोलत होती, पण कुसुमसमोर तिची बाजू घेता येईना. जनाबाई तिचं नाव, ते आम्हाला नंतर कळलं. ती आमच्या नावाने बोटं मोडत घरात गेली आणि तिने दार लावलं. पुरतं नाही. फट ठेवली आणि त्या फटीतून आमच्यावर लक्ष ठेवून बसली.

अंगणाच्या कडेला पिंपळासारख्या पानांचं भेंडीचं मोठं झाड होतं. त्याच्या जरा पुढे, सूर्य दिसेल असे आम्ही उभे राहिलो. मी खिशातली काच काढली.

"असं नाही," कुसुम म्हणाली. "डावा डोळा मिटा. मला दिसेल तसं तुम्हाला दिसायला हवं. नाहीतर कळणार कसं?"

बरोबर होतं. मी डावा डोळा मिटला, उजव्यापुढे काच धरली आणि मान वर केली.

हिरवा सूर्य. खालच्या बाजूने मोठा घास घेतलेला. एवढंच. आभाळ नाही, घरं नाहीत, सगळं काळं आणि त्यात ती कुरतडलेली हिरवी भाकरी. लहानपणापासून ज्याच्याकडे मान वर करून बघता येत नव्हतं, तो तिथे असा अर्धामुर्धा लटकत होता आणि त्याला कुणी काही करू शकत नव्हतं. मला वाटलं, आता राहिलेलाही गेला तर? पुस्तकात लिहिलंय तो परत येतो, पण पुस्तक लिहिणारे आता आपापल्या घरात चादरी लावून बसलेत.

मला तिथून पळावंसं वाटत होतं. पण ही परीक्षा कुसुमच्या डोळ्याची होती. अर्धवट बघून "ठीक आहे" म्हणणं मला जमलं नसतं. म्हणून मी बघत राहिलो. डोळ्याला पाणी आलं ते पुसून परत बघितलं. जरा चमकतंय असं वाटलं, तेव्हा भीतीनेच वाटत असेल असं स्वतःला सांगून आणखी बघितलं. दुखलं नाही, खुपलं नाही. शेवटी काच खाली घेतली आणि म्हणालो, "काही होत नाही. बघ."

तिने रुमाल सोडला, काच डोळ्यापुढे धरली, वर बघितलं आणि ताबडतोब मान खाली घातली.

"झोंबतंय."

"छे, मी एवढा वेळ बघितलं!"

"तुम्हाला दोन आहेत, तुम्हाला नाही कळायचं. माझा मला कळतो." आणि तिने माझ्या हातातली काच काढून घेतली, स्वतःच्या काचेवर ठेवली, दोन्ही एकत्र धरून परत वर बघितलं. "हां. आता छान दिसतोय."

मग ती बघतच राहिली.

मी तिच्याकडे बघत होतो. माझ्याकडे काच नव्हती, त्यामुळे ग्रहणाचा मधला, सगळ्यात मोठा भाग मी कुसुमच्या तोंडावर बघितला. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. वारा पडला होता. खाडीवरचे बगळे उडून तिवरांच्या झाडीत जाऊन बसले. प्रकाश असा होता की तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या राखाडी दिसत होत्या, आणि तिचा चेहरा जुन्या फोटोतल्या माणसासारखा. हा चेहरा असाच राहिला तर, ऊन परत आलंच नाही तर, काच फुटली तर, एवढ्यात तिला काहीतरी होऊन ती मटकन खाली बसली तर. मी तिच्या मागे दोन्ही हात पसरून उभा होतो. धरायला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "चिमटीत धरता येईल एवढाच राहिलाय." आणि थोड्या वेळाने, "आजवर मला सगळे बघू नको म्हणाले. बघ म्हणालेले तुम्ही पहिलेच."

त्याच वेळी मागे जनाबाई किंचाळली.

मी वळून बघितलं. ती दार उघडून उंबऱ्यात उभी होती आणि अंगणाकडे बोट दाखवत होती. भेंडीच्या सावलीत, गोणपाटांवर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. पानांतून जेवढे म्हणून कवडसे येत होते तेवढे सगळे कोरीच्या आकाराचे. पान हललं की सगळ्या एकदम सरकायच्या.

"ह्ये काय परलंय माझ्या अंगनान?" ती रडायलाच आली होती. आणि मग तिने दारामागचा खराटा उचलला आणि सुकटीवरच्या गोणपाटावरून त्या कोरी झाडायला लागली. एका बाजूने झाडते तो दुसरीकडे. खराट्यावर, तिच्या हातांवर, लुगड्यावर. मला हसू यायला हवं होतं. पण त्या बाईची भीती बघून ते आलं नाही. मी जाऊन तिचा हात धरला. "आजी, ऊनच आहे ते. नुसतं ऊन. जातील आता." हे सांगताना माझा आवाज तिच्याहून जास्त कापत होता. ती माझ्या दंडाला धरून तशीच उभी राहिली आणि आम्ही दोघं भित्री माणसं त्या कोरी जाड व्हायची वाट बघत राहिलो.

सुटल्यावर

ऊन परत आलं ते हळूहळू. लांबून आरोळ्या ऐकू यायला लागल्या, "दे दान, सुटे गिऱ्हाण!" दारं उघडली, बादल्या वाजल्या, वाड्यातली पोरं ओरडत बाहेर आली. एवढा वेळ जिवंत माणसं या भिंतींमागेच होती, हे मी विसरूनच गेलो होतो. जनाबाईने डोक्यावरून पाणी घेतलं, आम्हाला हातपाय धुवायला लावले आणि चूल पेटवली.

आमच्या घरी ग्रहण सुटल्यावर गोडाचं काहीतरी व्हायचं. इथे तांदळाची गरम भाकरी आणि कांद्यात परतलेला जवळा. सकाळपासून पोटात काही नव्हतं. कुसुमला मासळीचं वावडं नव्हतं, मला जवळ्याचा वास नेहमी जड जायचा. त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. जनाबाई समोर बसून कुसुमच्या तोंडाजवळ रॉकेलची चिमणी धरून बघत होती.

"दिसतंय ना गो?"

"दिसतंय, आजी."

"मंग माना सांग, माझ्या नाकान काय हाय?"

"चमकी. तीन खड्यांची. एक पडलाय."

जनाबाईने चिमणी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मला इतकं हलकं वाटलं की मी चौथी भाकरी मागितली.

शहाड

खोटं खरं करायला संध्याकाळी शहाडला मावशीकडे गेलो. मावशीने दारातच आंघोळीचं पाणी दिलं. मी अंग पुसून आत आलो, तिच्यासमोर पाटावर बसलो, आणि मावशीच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

काका तर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी डोळे चोळले. परत बघितलं. कपाळाच्या जागी एक धुरकट डाग. मी नजर तिच्या कानाकडे नेली, तर कुंकू दिसलं आणि कान गेला. उजवा डोळा मिटला, सगळं जागच्या जागी. डावा मिटला, मावशी बोलत होती पण तिला तोंड नव्हतं. तो डाग कोरीच्या आकाराचा होता.

"काय रे, असा काय बघतोस?" मावशी म्हणाली.

"झोप आलीय," मी म्हणालो.

माझ्या डोळ्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, हे मी फुशारकीने सांगत नाही. डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. मला दोन काचांतल्या एकीतून हे झालं. तिने माझ्याइतकाच, कदाचित माझ्याहून जास्त वेळ बघितलं. मला अजून एक डोळा आहे. तिला त्या कोरीच्या डागापलीकडे काही दिसतच नसणार. आणि ती सांगत नाहीये. ती सांगणारच नाही, कारण बघायचा हट्ट तिचा होता.

तिला विचारावं तर माझं सांगावं लागणार. माझं सांगितलं आणि तिचं चांगलं असलं, तर ती जन्मात परत काही मागणार नाही. मी गप्प बसलो.

घरी आल्यावर तो रविवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. सकाळी शर्टाचं बटण तोडलं आणि कुसुमला लावायला दिलं. तिने एका फटक्यात सुई ओवली. हे हाताच्या सवयीने जमत असेल. तांदूळ निवडायला बसली तेव्हा मी त्यात आणखी चार खडे टाकले. तिने सगळे काढले आणि "दुकानदार बदला" म्हणाली. मी समोरच्या बिल्डिंगमधल्या दोरीवरचे कपडे दाखवून विचारलं, तो टॉवेल आहे का चादर. तिने माझ्याकडे बघितलं. "तुमचं काय चाललंय? सकाळपासून शाळामास्तर झालात." मी हसलो. तिच्या डोळ्यात बघायचा प्रयत्न केला, तर माझ्या डागाने नेमका तोच झाकला.

पुन्हा वागळे इस्टेट

सोमवारी कचेरीतून सुट्टी होताच सबनीसला गाठलं. काचा परत दिल्या. विचारलं, "या कसल्या काचा रे?"

"का? नीट दिसलं नाही?"

"एकीतून झोंबतं म्हणत होती कुसुम."

"एकीतून झोंबणारच," सबनीस म्हणाला. "फिक्या आहेत त्या. काळ्या सगळ्या गेल्या ना. आठवडाभर जो तो मुखवट्यातनं काच काढून घरी नेत होता. स्टोअरमध्ये ह्याच राहिलेल्या, म्हणून दोन ठेवल्या. एकावर एक."

"तू सांगितलं का नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? फिकी काच असली की आम्ही दोन लावतोच. शॉपमधला नवा पोरगापण लावतो." मग माझ्याकडे बघून त्याचा चेहरा पडला. "एक एक धरली का रे तुम्ही?"

डोळ्यांपुढे खाडी आली. कुसुम, तिने माझ्या हातातून काढून घेतलेली काच, दोन्ही एकत्र धरलेली तिची बोटं. माझा मला कळतो म्हणाली होती.

"नाही," मी म्हणालो. "तिने दोन लावल्या होत्या."

आणि मी त्या शॉपमध्ये, हातोड्यांच्या आवाजात, रडलो. सबनीसला काही समजेना. तो चहा सांगायला पळाला.

नंतर ठाण्यातच डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटा जाऊन आलो. पडद्याला चटका बसलाय, औषध नाही, कमी झाला तर आपोआप होईल, म्हणाले. थोडा झाला. कोर राहिली. अक्षर वाचताना मी मान जरा वळवायला शिकलो आणि घरी कुणाला काही कळलं नाही.

गच्ची, पंधरा वर्षांनी

पंच्याण्णव सालच्या दिवाळीत परत ग्रहण आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. या वेळी डोंबिवलीत फटाक्यांच्या दुकानांतच कागदी चष्मे मिळत होते. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीला कुलूप नव्हतं. उलट वर उभं राहायला जागा नव्हती. कुणी थर्मासमधून चहा आणला होता, कुणी चकल्यांचा डबा. ग्रहणात लोक चकल्या खात होते. आई असती तर काय म्हणाली असती, या विचाराने मला हसू आलं. पण ऊन पातळ व्हायला लागलं तसे माझे तळवे पुन्हा ओले झाले. मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो.

कुसुम चष्मा लावून पोटभर बघत होती. एकावर एक दोन चष्मे. मग ती शोधत माझ्याकडे आली आणि दोन्ही चष्मे माझ्यापुढे धरले.

"बघा ना."

"मी बघितलंय एकदा. बास झालं."

"बघा म्हणते." तिने चष्मे माझ्या नाकावर ठेवले आणि तळहाताने माझा उजवा डोळा झाकला. "उजव्याने नको. डाव्याने बघा."

कधीपासून माहीत आहे तुला, एवढंच मी विचारलं.

"एका डोळ्याने बघणाऱ्याची मान कशी वळते, ते मला कळणार नाही होय?" ती म्हणाली. "त्याच आठवड्यात कळलं. तुम्ही बोलला नाहीत, मी बोलले नाही. म्हटलं, माणूस आधीच भित्रा." तिचा हात माझ्या डोळ्यावरच होता, गरम, चकलीच्या तेलाचा वास येणारा. "तिनाचे पावणेतीन झालेत. तेवढे तरी वापरा. बघा, निम्मा उरलाय."

मी मान वर केली.